पॉवर इंडक्टरसाठी कोअर निवडताना: आधी डीसी किती, रिपल किती ते ठरवा

बक कन्व्हर्टरच्या इंडक्टरमधून एकाच वेळी दोन प्रवाह जात असतात. एक लोडला लागणारा संथ डीसी, आणि दुसरा त्याच्यावर स्वार झालेला, दर स्विचिंगला वर-खाली होणारा रिपल. डीसी जास्त झाला की कोअर, म्हणजे तार गुंडाळायचा चुंबकीय गाभा, सॅच्युरेट होतो, म्हणजे फ्लक्सने भरून जातो. रिपल जास्त झाला की कोअर तापतो. या दोघांपैकी आपल्या सर्किटमध्ये आधी कोण आडवा येणार, हे ओळखलं की मटेरियलची निवड बरीचशी झालीच म्हणायची. ते न ओळखता ‘फेराइट चांगलं की पावडर कोअर?’ हा वाद कितीही घातला तरी हाती काही लागत नाही.

रेडीमेड मॉड्यूल वापरून झाली आहेत, पण इंडक्टर स्वतः कधी गुंडाळलेला नाही, अशांसाठी हा लेख आहे. बक कन्व्हर्टर कसा चालतो एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवू: सोलरच्या २४ व्होल्ट लेड-अ‍ॅसिड बॅटरीवरून राउटर, कॅमेरे आणि दिव्यांसाठी १२ व्होल्ट, ५ अँपिअर. स्विचिंग १०० किलोहर्ट्झ.

पायरी १: कागदावर चार आकडे

कोअर हातात घेण्याआधी इंडक्टन्स, सरासरी डीसी, रिपल आणि कमाल प्रवाह हे चार आकडे लिहून काढा.

२४ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना २८.८ व्होल्टपर्यंत जाते. बकमध्ये इनपुट जितकं जास्त तितका रिपल जास्त, म्हणून हिशोब २८.८ वर करायचा. ड्यूटी १२ भागिले २८.८, म्हणजे साधारण ०.४२. १० मायक्रोसेकंदांच्या एका चक्रात स्विच ५.८ मायक्रोसेकंद बंद असतो, आणि तेवढा वेळ इंडक्टरवर १२ व्होल्ट असतात. डायोडवरचा ड्रॉप इथे सोडून देऊ. रिपल लोडच्या ३० टक्के, म्हणजे १.५ अँपिअर धरला, तर १२ गुणिले ५.८ भागिले १.५ बरोबर साधारण ४७. व्होल्टला मायक्रोसेकंदांनी गुणून अँपिअरने भागलं की उत्तर थेट मायक्रोहेन्रीत येतं, ही सोय लक्षात ठेवा. आपला इंडक्टर ४७ मायक्रोहेन्रीचा.

नेहमीचा कमाल प्रवाह ५ अधिक पाऊण, म्हणजे ५.७५ अँपिअर. पण डिझाइन त्याच्यावर करायचं नाही. कंट्रोलर आयसीची करंट लिमिट समजा ७ अँपिअरला आहे. आउटपुट शॉर्ट झालं किंवा मोठा कपॅसिटर जोडला की प्रवाह तिथपर्यंत जाणारच, आणि नेमका त्याच वेळी कोअर सॅच्युरेट झाला तर मॉस्फेट आधी जातो. म्हणून कोअरची परीक्षा ७ अँपिअरला.

पायरी २: डीसी वरचढ की रिपल?

आपल्याकडे ५ अँपिअर डीसीवर १.५ अँपिअर रिपल आहे. कोअरमधल्या फ्लक्सचा मोठा भाग जागच्या जागी उभा, थोडासाच हलणारा. हे डीसी वरचढ असलेलं काम. इथे खरी भीती सॅच्युरेशनची. कोअर लॉस, म्हणजे कोअरमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती, दुय्यम.

उलट टोकाला बाउंडरी मोडचा पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) किंवा खंडित मोडमधला फ्लायबॅक कन्व्हर्टर घ्या. तिथे प्रवाह दर चक्रात शून्यापासून शिखरापर्यंत जातो आणि परत येतो. एलएलसीसारख्या रेझोनंट सर्किटच्या इंडक्टरमध्ये तर डीसी नसतोच. तिथे सॅच्युरेशनच्या कितीतरी आधी कोअर लॉसच हात टेकायला लावतो, आणि उत्तर जवळजवळ नेहमी गॅप (हवेची फट) दिलेलं फेराइट हेच येतं. रिपल लोडच्या ४० टक्क्यांच्या आत असेल तर पावडर कोअरचा विचार करा, १०० टक्क्यांच्या पुढे असेल तर फेराइटच. मधल्या पट्ट्यात दोन्हींचे हिशोब करून बघा. हा ठोकताळा माझा आहे, पण सुरुवातीला दिशा दाखवायला पुरतो.

तीन वेढ्यांचा सापळा

इथे थोडं थांबू, कारण नवखे सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला हिरव्या रंगाच्या फेराइट रिंग सहज मिळतात; बहुतेक ईएमआय (विद्युत गोंगाट) फिल्टरसाठी बनलेल्या, पर्मिएबिलिटी (फ्लक्सला वाट देण्याची क्षमता, म्हणजेच म्यू) ५,००० ते १०,०००. अशी एक रिंग घेतली, एएल (एका वेढ्याचा इंडक्टन्स) ५ मायक्रोहेन्री, कोअरचं क्षेत्रफळ ५० चौरस मिलिमीटर. इंडक्टन्स म्हणजे वेढ्यांचा वर्ग गुणिले एएल. तीनच वेढे मारले आणि एलसीआर मीटर ४५ मायक्रोहेन्री दाखवतो! काम झालं असं वाटतं.

आता फ्लक्स डेन्सिटी काढा: इंडक्टन्स गुणिले प्रवाह, भागिले वेढे गुणिले क्षेत्रफळ. ५ अँपिअरला उत्तर येतं १.५ टेस्ला. फेराइट ०.४ टेस्लाच्या आसपासच भरून जातं. म्हणजे १.३ अँपिअरच्या पुढे ती रिंग असून नसल्यासारखी, आणि मॉस्फेटपुढे नुसता तारेचा तुकडा उरतो. एलसीआर मीटरने हे कळत नाही, कारण तो काही मिलिअँपिअरवर मोजतो.

यातून गॅपचं महत्त्व कळतं. चुंबकीय ऊर्जा दर घनमीटरला फ्लक्स डेन्सिटीच्या वर्गाला पर्मिएबिलिटीच्या दुपटीने भागून येते. पर्मिएबिलिटी जितकी जास्त, तितकी त्या जागेत ऊर्जा कमी मावते. हवेची पर्मिएबिलिटी सगळ्यात कमी, म्हणून पॉवर इंडक्टरची ऊर्जा राहते ती मुख्यतः हवेच्या गॅपमध्ये. कोअरचं काम फ्लक्सला गॅपपर्यंत वाट काढून देणं. फेराइटमध्ये हा गॅप आपण स्वतः, एका जागी देतो. पावडर कोअरमध्ये धातूच्या सूक्ष्म कणांवर इन्सुलेशन चढवून ते दाबलेले असतात, त्यामुळे गॅप कोअरभर विखुरलेला असतो. कोणतंही मटेरियल निवडा, गॅप कुठेतरी असायलाच हवा.

पायरी ३: मटेरियलची ओळख

*आयर्न पावडर.* जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये पिवळ्या अंगाची, एका बाजूने पांढरी रिंग असते ती ही. मायक्रोमेटल्स कंपनीचं २६ नंबरचं मिक्स, म्यू ७५. तिचीच भावंडं म्हणजे हिरवी-निळी ५२. स्वस्त, भंगारात भरपूर. पण १०० किलोहर्ट्झला हिचा कोअर लॉस सेंडस्टच्या कित्येक पट असतो. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे कण धरून ठेवणारा सेंद्रिय बाइंडर. रिंग वर्षानुवर्षं १०० अंशांच्या आसपास तापत राहिली की तो खराब होतो, कणांमधलं इन्सुलेशन जातं, एडी करंट (धातूच्या आत गोल फिरणारे नकोसे प्रवाह) वाढतात, रिंग आणखी तापते आणि तेच चक्र पुढे चालू राहतं. जुन्या पॉवर सप्लायमध्ये काळपट तपकिरी झालेली पिवळी रिंग दिसली तर ती परत वापरू नका. मला विचाराल तर आयर्न पावडर कमी फ्रिक्वेन्सीच्या किंवा अगदी कमी रिपलच्या फिल्टरपुरतीच ठेवावी.

*सेंडस्ट.* लोखंड ८५, सिलिकॉन ९, अ‍ॅल्युमिनियम ६ टक्के असा मिश्रधातू. १९३०च्या दशकात जपानमधल्या सेंदाई इथे तयार झाला. मॅग्नेटिक्स कंपनी तो कूल म्यू या नावाने विकते. सॅच्युरेशन साधारण १ टेस्ला, सेंद्रिय बाइंडर नाही, निकेल नाही म्हणून किंमत आवाक्यात. मॅग्नेटोस्ट्रिक्शन (फ्लक्स बदलला की आकार किंचित बदलणं) जवळजवळ शून्य, त्यामुळे लोड हलका झाल्यावर कन्व्हर्टर थांबत-थांबत चालला तरी चोक, म्हणजे इंडक्टर, फारसा चिवचिवत नाही. अखंड प्रवाहाच्या पीएफसी चोकमध्ये हाच जास्त दिसतो. पहिला इंडक्टर गुंडाळणाऱ्याने यावरच गुंडाळावा असं माझं स्पष्ट मत आहे.

*निकेलवाले.* एमपीपीमध्ये सुमारे ८० टक्के निकेल आणि थोडं मॉलिब्डेनम असतं. पावडर कोअरमध्ये सगळ्यात कमी लॉस याचा, सॅच्युरेशन पाऊण टेस्लाच्या आसपास. हाय फ्लक्समध्ये निम्मं निकेल, सॅच्युरेशन १.५ टेस्ला. दोन्ही महाग. जागा फार तोकडी असेल तर विचार करा, एरवी खिशाला चाट.

*लोखंड-सिलिकॉन पावडर.* साडेसहा टक्के सिलिकॉन, सॅच्युरेशन १.६ टेस्ला, लॉस सेंडस्टपेक्षा जास्त. भरपूर डीसी, कमी रिपल अशा कामाला उत्तम.

*मँगनीज-झिंक फेराइट.* टीडीकेचं एन८७ किंवा पीसी९५, फेरॉक्सक्यूबचं 3सी९५ ही नेहमीची नावं. लॉस खूप कमी, पण सॅच्युरेशनही कमी. एन८७ची मर्यादा २५ अंशांना ०.४९ टेस्ला, तर १०० अंशांना ०.३९ टेस्ला. म्हणून डिझाइन ०.३ टेस्लाच्या वर नेऊ नये. दुसरी गोष्ट, फेराइट भरलं की एकदम भरतं. इंडक्टन्स कड्यावरून पडल्यासारखा पडतो. पावडर कोअरमध्ये तो हळूहळू उतरत जातो, म्हणून चूक झाली तरी सावरायला वाव असतो.

निकेल-झिंक फेराइट मेगाहर्ट्झच्या घरातलं, सिलिकॉन स्टीलच्या पट्ट्या ५० हर्ट्झच्या. आपल्या उदाहरणात दोन्हींचं काम नाही.

आणि रंगावर विसंबू नका. वर दिलेले रंग त्या-त्या कंपनीचे आहेत. तोच पिवळा-पांढरा रंग दुसरा कोणी वेगळ्याच पावडरला लावू शकतो. अनोळखी रिंगवर १० वेढे मारून मीटरवर मोजा. ७.५ मायक्रोहेन्री आले तर एएल ७५ नॅनोहेन्री; दर वेळी दहाने गुणायचं. त्याच आकाराच्या रिंगला एएल हजारोंमध्ये आला तर ते बिनगॅपचं फेराइट आहे, बाजूला ठेवा.

पायरी ४: सेंडस्टवर हिशोब

२७ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची, ६० म्यूची सेंडस्ट रिंग घेऊ. डेटाशीटमध्ये एएल ७५ नॅनोहेन्री, क्षेत्रफळ सुमारे ६५ चौरस मिलिमीटर, चुंबकीय मार्गाची लांबी ६३.५ मिलिमीटर.

४७,००० भागिले ७५, त्याचं वर्गमूळ २५. पण हे २५ वेढे प्रवाह शून्य असतानाचे. डीसी वाहू लागला की पावडर कोअरची पर्मिएबिलिटी घसरते आणि किती घसरते ते डेटाशीटमधल्या डीसी बायसच्या आलेखावर दिलेलं असतं. आलेखाच्या आडव्या अक्षावर वेढे गुणिले प्रवाह भागिले मार्गाची लांबी. बऱ्याच कंपन्या ते ओर्स्टेडमध्ये देतात, एक ओर्स्टेड म्हणजे सुमारे ८० अँपिअर प्रति मीटर.

२८ वेढे धरून बघू. प्रवाह नसताना ५९ मायक्रोहेन्री. ५ अँपिअरला २८ गुणिले ५ भागिले ०.०६३५ म्हणजे २,२०० अँपिअर प्रति मीटर, जवळपास २८ ओर्स्टेड. ६० म्यूच्या सेंडस्टची पर्मिएबिलिटी तिथे ८० टक्के उरली असं सावधपणे धरू; नेमका आकडा आपल्या रिंगच्या आलेखावर बघा. ५९ चे ८० टक्के ४७. जमलं. ७ अँपिअरला ती आणखी उतरते, पण इंडक्टन्स ४० च्या आसपास राहतो, म्हणजे शॉर्ट झालं तरी मॉस्फेटला सावरायला वेळ मिळतो.

हेच गणित १२५ म्यूच्या रिंगवर केलं तर वेढे कमी लागतात, तांबं वाचतं, पण ७ अँपिअरला पर्मिएबिलिटी जास्त घसरते. २६ म्यूवर घसरण नगण्य, पण वेढे चाळिशीकडे जातात आणि ते एका थरात मावत नाहीत. ६० म्यू मधला मार्ग आहे आणि अशा कामाला बहुतेक वेळा तोच बरा पडतो.

तार १८ गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर. आतल्या परिघावर २८ वेढे एका थरात जेमतेम बसतात. सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये थोडी फट सोडा, तिथेच सगळा व्होल्टेज येतो. ‘१०० किलोहर्ट्झला स्किन इफेक्ट असतो, मग लिट्झ वायर (अनेक बारीक इन्सुलेटेड तारांचा पीळ) नको का?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. तांब्यात त्या फ्रिक्वेन्सीला प्रवाह फक्त ०.२ मिलिमीटर खोल शिरतो हे खरं, पण तो नियम रिपलला लागू आहे. ५ अँपिअर डीसी पूर्ण तारेतून जातो. दीड अँपिअर रिपलसाठी साधी एनॅमल्ड तार पुरते.

तारेची लांबी सव्वा मीटरच्या आत, रोध १७ मिलिओहमच्या आसपास, तांब्यातला लॉस ०.४ वॅट. रिपलमुळे कोअरमध्ये फ्लक्स फक्त १९ मिलिटेस्ला वर आणि तेवढाच खाली होतो, त्यामुळे कोअर लॉस ०.१ वॅटच्या घरात. एकूण अर्धा वॅट. उघड्यावर रिंग दहा-पंधरा अंश तापेल.

पायरी ५: तेच फेराइटवर

तुलनेसाठी ईटीडी २९ कोअर (दोन ई-आकाराचे, तीन पायांचे अर्धे जोडून होणारा), क्षेत्रफळ ७६ चौरस मिलिमीटर. वेढे म्हणजे इंडक्टन्स गुणिले कमाल प्रवाह, भागिले ०.३ टेस्ला गुणिले क्षेत्रफळ: ४७ मायक्रोहेन्री, ७ अँपिअर घालून १४.४, म्हणजे १५. गॅप सुमारे ०.४५ मिलिमीटर. ऊर्जेचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग या अर्ध्या मिलिमीटरहून कमी फटीत राहतो!

गॅप देताना एक गोष्ट सांभाळा. मधला पाय घासून गॅप केला असेल तर ०.४५ पूर्ण मधल्या पायात. कागद किंवा मायलर घालून तिन्ही पाय वर उचलले असतील तर फ्लक्स गॅप दोनदा ओलांडतो, म्हणून जाडी निम्मी, ०.२२ मिलिमीटर. कागदाच्या पद्धतीत बाहेरच्या पायांतूनही फ्लक्स सांडतो आणि शेजारच्या सर्किटमध्ये शिरतो. दोन्ही पद्धतींत गॅपजवळून फ्लक्स बाहेर फुगतो आणि तिथल्या तारेत एडी करंट उठवतो, म्हणून मधल्या पायाच्या गॅपसमोर दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी ठेवून वेढे मारा. लिट्झ वायर वापरायचीच असेल तर ती इथे कामाला येते.

कोअर लॉस इथे इतका कमी की मोजण्यासारखा नाही. पण बॉबिन, क्लिप, गॅपची उठाठेव, आणि सॅच्युरेशनचा कडा. आपल्या डीसी वरचढ कामाला सेंडस्टची रिंग सरळ पडते. उद्या हाच कन्व्हर्टर ३०० किलोहर्ट्झला आणि मोठ्या रिपलवर चालवायचा ठरला, तर मात्र निकाल फेराइटच्या बाजूने जाईल.

पायरी ६: टेबलावर परीक्षा

इंडक्टर बोर्डावर बसवण्याआधी त्याला पल्स देऊन बघा. १२ व्होल्टचा सप्लाय, त्याच्याजवळ १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग इंडक्टर, खाली मॉस्फेट आणि सोर्समध्ये ०.०५ ओहमचा शंट (प्रवाह मोजायचा रोध). इंडक्टरला समांतर फ्रीव्हीलिंग डायोड विसरू नका, नाहीतर पहिल्याच पल्सला मॉस्फेट उडेल. गेटला ३० मायक्रोसेकंदांची पल्स, सेकंदाला पन्नासेक वेळा. मधल्या वेळात साठलेली ऊर्जा डायोडमधून निघून जाते आणि काहीच तापत नाही.

स्कोपवर शंटचा व्होल्टेज सरळ रेषेत चढायला हवा. १२ व्होल्टला ४७ मायक्रोहेन्री म्हणजे दर मायक्रोसेकंदाला पाव अँपिअर. ७ अँपिअर गाठायला २७ मायक्रोसेकंद, शंटवर ०.३५ व्होल्ट. पल्स थोडी-थोडी लांब करत जा. सेंडस्टची रेषा ५-६ अँपिअरनंतर हळूच वर वळू लागते, इंडक्टन्स कमी होतोय म्हणून. फेराइटची रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ जाते आणि मग एका जागी एकदम उभी चढते. तो कोपरा कुठल्या अँपिअरला आला ते लिहून ठेवा. वरचा ईटीडी २९ थंड असताना तो दहाच्या पुढे दिसेल. आता हॉट एअर गनने कोअर गरम करून परत पल्स द्या: कोपरा डावीकडे सरकतो, ७ च्या आत येता कामा नये. तीन वेढ्यांच्या हिरव्या रिंगचा कोपराही याच जुळणीवर बघून घ्या, सव्वा अँपिअरच्या आसपास तो हजर असतो.

पायरी ७: तापतोय कोण, तांबं की कोअर?

शेवटी बोर्डावर बसवून, पूर्ण लोडवर, ज्या डब्यात राहणार त्या डब्यात झाकण लावून अर्धा तास चालवा आणि वेढ्यांखाली थर्मोकपल खुपसून तापमान घ्या. हिशोबापेक्षा जास्त आलं तर लगेच मटेरियल बदलायला धावू नका. लोड ५ वरून १ अँपिअरवर आणा. रिपलच्या निम्म्याहून, म्हणजे पाऊण अँपिअरहून लोड जास्त असल्यामुळे प्रवाह अखंडच राहतो आणि रिपलही जवळजवळ तेवढाच; डीसी कमी झाल्याने इंडक्टन्स वाढतो, म्हणून किंचित कमी. तांब्यातला डीसी लॉस मात्र पंचविसाव्या हिश्श्यावर येतो. रिंग पटकन थंड झाली तर दोष तांब्याचा: तार जाड करा, किंवा म्यू जास्त घेऊन वेढे कमी करा. गरमच राहिली तर कोअर तापतोय, आणि तिथे मात्र कमी लॉसचं मटेरियल, जास्त वेढे किंवा मोठी रिंग यांशिवाय गत्यंतर नाही.